'आंधळीवर दया करा': चित्रातली ही पाटी वाचायची कशी

तुम्ही प्रबंधासाठी चित्रांची यादी करताना विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की व्हिक्टोरियन काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या, ब्रिटिश चित्रांत भिकारी, आंधळे, जखमी, थकलेले म्हातारे एवढे का दिसतात, हे खरंच सामाजिक भाष्य आहे की श्रीमंतांना सोफ्यावर बसून हळहळता यावं म्हणून केलेली सोय, आणि नुसतं चित्र बघून हे ओळखता येतं का. मी २६ वर्षं कलेचा इतिहास शिकवतोय आणि हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, तरी दरवेळी उत्तर देताना मजा येते कारण मीच हे उत्तर दोनतीनदा बदललंय. जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

आधी एक चित्र उघडून समोर ठेवा. जॉन एव्हरेट मिले, 'द ब्लाइंड गर्ल', १८५६, सध्या बर्मिंगहॅमच्या म्युझियममध्ये आहे. सुरुवात १८५४ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला विंचेल्सी गावाजवळ झाली, मागे जे गाव दिसतं ते तेच, आणि माणसं नंतर स्कॉटलंडमध्ये पर्थला रंगवली. चित्र आकाराने लहान आहे, जेमतेम ८३ बाय ६२ सेंटिमीटर, पुस्तकात बघून मला ते भिंतभर असेल असं वाटायचं. रस्त्याकडेला एक तरुण आंधळी मुलगी बसलीय, पाऊस नुकताच थांबलाय, ऊन पडलंय, मागे आकाशात दोन इंद्रधनुष्यं. कुशीत शिरून बसलेली धाकटी बहीण मान वळवून इंद्रधनुष्याकडे बघतेय. मोठीच्या शालीवर एक फुलपाखरू बसलंय, तिला त्याचा पत्ता नाही. मांडीवर कॉन्सर्टिना आहे, म्हणजे दोन्ही हातांनी दाबून वाजवायचा छोटा भात्याचा बाजा. आणि गळ्यात कागद, त्यावर लिहिलंय 'पिटी द ब्लाइंड', म्हणजे 'आंधळीवर दया करा'.

बहुतेक जण इथे इंद्रधनुष्यापासून सुरुवात करतात, मीही कितीतरी वर्षं तसंच शिकवलं, की बघा केवढं सुंदर जग आणि तिला दिसत नाही, अरेरे. पुढे शास्त्राचा किस्सा सांगायचो की दुहेरी इंद्रधनुष्यात बाहेरच्या कमानीचे रंग उलट क्रमाने येतात, मिलेने आधी दोन्ही सारखेच रंगवले होते, कुणीतरी चूक दाखवल्यावर दुरुस्त केले. किस्सा खरा आहे आणि वर्गात चालतोही छान, पण या चित्राचं मर्म तिथे नाही असं आता माझं ठाम मत आहे. मर्म त्या कागदात आणि बाजात आहे, आणि ते कळायला त्या काळचा कायदा माहीत असावा लागतो.

१८२४ चा व्हेग्रन्सी ॲक्ट म्हणजे भटकेगिरीविरुद्धचा कायदा. त्यात भीक मागणं गुन्हा होताच, शिवाय त्यात स्पष्ट लिहिलंय की जखमा किंवा शरीराचं व्यंग उघडं दाखवून भीक मिळवायचा प्रयत्न करणारासुद्धा शिक्षेला पात्र. त्यानंतर १८३४ चा नवा पुअर लॉ आला, त्याने गरिबांची सरळ वर्गवारीच केली. धडधाकट असूनही काम नाही त्याला घरबसल्या मदत नाही, त्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे काम करून घेऊन खायला-राहायला देणाऱ्या गरीबघरात जावं, आणि वर्कहाउस मुद्दाम इतकं वाईट ठेवायचं की तिथे जाण्यापेक्षा बाहेरची कसलीही मजुरी बरी वाटली पाहिजे. आंधळे, आजारी, म्हातारे हे वेगळ्या रांगेत, कारण त्यांची गरिबी त्यांच्या आळसातून आली असं म्हणता येत नाही. म्हणजे बघा, त्या समाजात गरीब माणूस समोर आला की पहिला प्रश्न हाच, की हा मदतीच्या लायकीचा गरीब आहे की नालायक गरीब. आणि अंधत्व हा लायकीचा दाखला.

दाखला हा शब्द मुद्दाम वापरतोय, आपल्याकडे ज्यांनी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या चकरा मारल्यात त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. त्या मुलीच्या गळ्यातला कागद हा तसाच दाखला आहे. ती तोंडाने काही मागत नाहीये, हात पसरलेला नाहीये, मागायचं काम कागद करतोय. आणि बाजा सांगतोय की मी भीक मागत नाही, वाजवून दाखवते, त्याचे पैसे घेते. त्या काळी रस्त्यावर जगायचं तर असं कायद्याच्या फटीतून चालावं लागे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरिबांच्या ज्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या त्यात हर्डी-गर्डी (चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य) वाजवणारी एक आंधळी बाई आहे, सगळे तिला 'ओल्ड सारा' म्हणायचे, ती वर्षानुवर्षं रस्त्यावर बाजा वाजवून जगली. मिलेची मुलगी तिच्याच बिरादरीतली आहे.

हे जुनं आणि परकं वाटत असेल तर १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा काढून वाचा. त्यातली भिकेची व्याख्या बघा, गाणं म्हणणं, नाचणं, खेळ करून दाखवणं, काहीतरी विकायला पुढे करणं अशा कुठल्याही निमित्ताने भीक मागितली तरी ती भीकच, आणि जखम, व्यंग, रोग दाखवून मागणं हेही त्यातच. १८२४ चे शब्द जवळजवळ तसेच उतरलेत. हाच कायदा दिल्लीतही लागू केलेला होता आणि २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तिथल्यापुरती त्यातली भिकेला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. लोकलमध्ये खंजिरी घेऊन गाणारं अंध जोडपं आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यांची खंजिरी आणि त्या मुलीचा कॉन्सर्टिना एकाच कामाला आलेत. म्हणून म्हणतो की हे चित्र मुंबईतल्या माणसाला इंग्रजांपेक्षा लवकर कळायला हवं.

आता, हे सामाजिक भाष्य आहे का. मिले चळवळ्या नव्हता, गरिबांच्या हक्कांसाठी चित्र काढतोय असं त्याच्या डोक्यात नव्हतंच. पण एक गोष्ट त्याने केली जी तेव्हा फार कमी जणांनी केली. त्याने त्या मुलीला विसावलेली दाखवली. ती रडत नाही, आकाशाकडे तोंड करून देवाला आळवत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याकडे लाचारीने तोंड वळवत नाही. पावसानंतरचं ऊन तोंडावर घेत बसलीय, बस. त्या काळचा मोठा कलासमीक्षक रस्किन याने १८७८ मध्ये या चित्रावर लिहिताना हे बरोबर हेरलं, त्याचं म्हणणं साधारण असं की ही साधी भिकारीण आहे, काव्यातली नाही आणि दुष्टही नाही, दिसायला सामान्य, तब्येतीने ठणठणीत, आणि आपल्यापैकी कुणीही बसेल तशी बसलीय, कारण पाऊस थांबून ऊन आलंय आणि गवताचा वास चांगला येतोय. (रस्किनची आधीची बायको एफी, तिचं ते लग्न १८५४ मध्ये रद्द झालं आणि १८५५ मध्ये तिने मिलेशी लग्न केलं, तरीही रस्किनने या चित्राला न्याय दिला, हे मला त्या माणसाबद्दल आदर वाटायचं एक कारण आहे.)

तर माझी पहिली कसोटी हीच. चित्रातल्या माणसाला आपल्याकडे बघणाऱ्याची गरज आहे का? की आपण तिथून निघून गेलो तरी त्याचं आपलं काही चालू राहील? फक्त आपल्या दयेसाठी रंगवलेला माणूस आपण मान फिरवली की उरतच नाही, त्याला दुसरं कामच दिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट मला माझ्या वर्गाने शिकवली. काही वर्षांपूर्वी आमच्या एका रसग्रहणाच्या वर्कशॉपला एक दृष्टिहीन मुलगी आली होती, मानसशास्त्राची विद्यार्थिनी. मी नेहमीप्रमाणे इंद्रधनुष्यापासून वर्णन सुरू केलं, तिने दोनतीन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'सर, तिचे हात काय करतायत?' मी थांबलो. हात. एक हात बहिणीच्या हातात आहे, दुसऱ्याची बोटं शेजारच्या गवताच्या पात्याला चाचपतायत. हे मला माहीत होतं, पण मी ते कधी सुरुवातीला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, 'मग तिला कळलंय ना पाऊस थांबला ते. गवत ओलं आणि वरून ऊन.' आणि थोड्या वेळाने, 'डोळे उघडे आहेत की मिटलेले?' मिटलेले, मी म्हटलं. 'का? मी तर मिटत नाही.'

या एका प्रश्नावर मी नंतर बरेच महिने काढले. चित्रांमध्ये आंधळ्या माणसाचे डोळे एवढे मिटलेले का असतात? मला आता वाटतं की ते बघणाऱ्याच्या सोयीसाठी. उघड्या पण न बघणाऱ्या डोळ्यांसमोर आपण अस्वस्थ होतो, मिटलेल्या डोळ्यांकडे निवांत टक लावून बघता येतं. म्हणजे ज्या चित्राचं मी एवढं कौतुक करतोय त्यातही मिलेने आपल्याला एक सवलत दिलीय. हातांच्या बाबतीत मात्र त्याने अजिबात कसर केलेली नाही, स्पर्श, वास, ऐकणं, सगळं त्या खालच्या अर्ध्या भागात भरलंय. तुम्ही व्यंग असलेल्या माणसाचं कुठलंही चित्र बघताना चेहरा सोडा आणि आधी हात बघा. चेहऱ्यावर चित्रकार भावना चिकटवू शकतो, हातांना काहीतरी करावं लागतं.

आता याच्या शेजारी त्याच मिलेचं दुसरं चित्र ठेवा, आणि इथे खरी गंमत आहे. 'पीस कन्क्लूडेड', तेही १८५६, तेही त्याच वर्षीच्या लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनात, आता अमेरिकेत मिनियापोलिसला आहे. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात जखमी होऊन घरी आलेला अफसर सोफ्यावर रेललाय, हातात 'टाइम्स', त्यात तह झाल्याची बातमी. बायको त्याला बिलगून, मुली खेळण्यातले प्राणी घेऊन, पायाशी भलामोठा कुत्रा. बायकोसाठी मॉडेल एफी. मिलेचा चित्रकार मित्र होल्मन हंट याने लिहून ठेवलंय की हे चित्र मुळात टीका म्हणून सुरू झालं होतं, सैनिक तिकडे मरत असताना 'तातडीचं खासगी काम' सांगून घरी परतणाऱ्या बड्या घरच्या अफसरांवर. मग युद्ध संपलं, ती टीका शिळी झाली, आणि सोफ्यावरचा कामचुकार अफसर जखमी वीर झाला.

आलं लक्षात? माणूस तोच, सोफा तोच, फक्त जखम दिली आणि तो सहानुभूतीला पात्र झाला. एका चित्रात गळ्यातला कागद जे काम करतो तेच काम इथे जखम करते. फरक एवढाच की अफसराकडे घर आहे, पेन्शन असेल, बायको आहे, तेव्हा त्याच्या दुखापतीला कुणी भीक म्हणत नाही. शरीर अधू होणं वेगळं आणि अधू शरीराने गरीब असणं वेगळं, हे ही दोन चित्रं एकत्र बघितल्याशिवाय नीट कळत नाही, आणि बहुतेक पुस्तकं ती वेगवेगळ्या प्रकरणात टाकतात.

आणखी एक. 'ब्लाइंड गर्ल'साठीसुद्धा आधी एफीच बसली होती, नंतर तो चेहरा बदलून मटिल्डा प्राउडफूट नावाच्या पर्थच्या मुलीचा घेतला, आणि धाकट्या बहिणीसाठी इझाबेला निकोल. याच दोघी मिलेच्या 'ऑटम लीव्ह्ज'मध्येही आहेत, जाड्याभरड्या कपड्यांत, एफीच्या दोन धाकट्या बहिणींच्या शेजारी, त्या मात्र चांगल्या कपड्यांत. म्हणजे स्टुडिओत कोण गरीब दिसणार आणि कोण सुखवस्तू हे आधीच ठरलेलं होतं. एफीने आठवणीत लिहिलेली एक गोष्ट तर मी कधीच विसरत नाही. 'ब्लाइंड गर्ल'साठी तिला मळकट पिवळ्या रंगाचा जुना परकर हवा होता, तो एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर दिसला, तिने मागितला, म्हातारीला आश्चर्य वाटलं की इतक्या घाण कपड्याचं बाईसाहेबांना काय काम, पण दिला. दोन दिवसांनी एक शिलिंग बरोबर देऊन परत पाठवला. चित्रातली जी गरिबी आपण बघतो ती अशी दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली आहे, आणि हे सांगण्यात मिलेला कमी लेखायचा हेतू नाही, पण हे माहीत असायला हवं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ल्यूक फाइल्ड्सचं 'कॅज्युअल वॉर्ड' (१८७४) तुमच्या यादीत असेलच. ते १८६९ मध्ये 'द ग्राफिक' या सचित्र साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात छापून आलेल्या त्याच्या एका चित्रावरून मोठं केलेलं, जवळपास अडीच मीटर रुंद. थंडीच्या रात्री एका रात्रीच्या निवाऱ्याचं तिकीट मिळावं म्हणून भिंतीला टेकून उभी राहिलेली रांग. फाइल्ड्सने रस्त्यावरचे खरे बेघर आणून बसवले. इथे कुणाच्या गळ्यात पाटी नाही, तुम्हाला लायक-नालायक ठरवायला काही मदत मिळत नाही, लेकरं घेतलेली बाई आणि दारुडा एकाच रांगेत. माझ्या मते त्याची ताकद यातच आहे. भिंतीवरच्या जाहिराती झूम करून वाचा, हरवलेल्या कुत्र्यासाठी २० पौंडांचं बक्षीस आहे आणि टाकून दिलेल्या मुलाच्या तपासासाठी २ पौंड. हे भाष्य नाही तर काय आहे. पुढे ते विकत घेतलं थॉमस हॉलोवेने, औषधी गोळ्या आणि मलमं विकून गडगंज झालेला माणूस, आणि मुलींच्या कॉलेजसाठी लावलं. मग हे श्रीमंतांच्या सोयीसाठी झालं का? विकत घेणारा श्रीमंत होता हे खरंच, पण ग्राफिकचा अंक घराघरात जात होता आणि व्हॅन गॉगसारखा फाटका माणूससुद्धा ती चित्रं कापून जमवत होता, तेव्हा फक्त गिऱ्हाइकावरून चित्राचा हेतू ठरवू नका.

चित्रकार ह्युबर्ट हर्कमरचं 'इव्हन्टाइड' (१८७८) बघा, वर्कहाउसमधल्या म्हाताऱ्या बायका, शिवण, चहा. त्याआधी १८७७ मध्ये ग्राफिकमध्ये आलेली त्याची आवृत्ती जास्त भकास आहे, तेलरंगात येताना त्याने ती मऊ केली. दोन्ही शेजारी ठेवून फरक लिहून काढा, प्रबंधाचं अर्धं प्रकरण तिथेच तयार होईल.

पण मला सगळ्यात जास्त थांबायला लावणारं चित्र हेन्री वॉलिसचं 'द स्टोनब्रेकर' आहे. १८५७ चं, तेही बर्मिंगहॅमलाच. संध्याकाळची वेळ, खडी फोडणारा मजूर बसल्या जागी कलंडलाय. पहिल्या नजरेत झोपलेला वाटतो. मग त्याच्या पायावर चढलेला मुंगसासारखा छोटा रानटी प्राणी दिसतो आणि आपल्या लक्षात येतं की तो मेलाय. खडी फोडणं हे वर्कहाउसच्या ठरावीक कामांपैकी एक. १८५८ मध्ये ते रॉयल ॲकॅडमीत लागलं तेव्हा कॅटलॉगमध्ये वॉलिसने लेखक कार्लाइलचा उतारा दिला होता, त्यात कार्लाइल अशाच कष्टकऱ्याला भाऊ म्हणून हाक मारतो आणि म्हणतो की आमच्यासाठी तुझी पाठ वाकली, आमच्यासाठी तुझे सरळ हातपाय आणि बोटं वेडीवाकडी झाली. इथे व्यंग जन्माचं किंवा नशिबाचं नाही, ते कामाने आलेलं आहे, आणि 'आमच्यासाठी' या शब्दात बघणाऱ्याचा वाटा सांगितलाय. आंधळ्या मुलीच्या बाबतीत आपण म्हणू शकतो की देवाची मर्जी. इथे तसं म्हणायला जागाच ठेवलेली नाही. त्याच १८५८ च्या प्रदर्शनात जॉन ब्रेटचंही 'द स्टोनब्रेकर' होतं, त्यात गोरागोमटा पोरगा, शेजारी खेळणारं कुत्र्याचं पिल्लू, मागे हिरवीगार टेकडी, खडीचा प्रत्येक तुकडा जीव लावून रंगवलेला. चित्र म्हणून अप्रतिम. पण त्या पोराची बोटं अजून सरळ आहेत, आणि वॉलिसचं चित्र शेजारी असलं की ती किती वर्षं सरळ राहतील हा विचार डोक्यातून जात नाही.

म्हणून तुमच्या 'भाष्य की सोय' या प्रश्नाला माझं उत्तर असं की एकाच चित्रात दोन्ही असतं, आणि आपलं काम हे की सोय कुठे केलीय आणि कुठे नाकारलीय ते बोट ठेवून दाखवायचं. मिलेने मिटलेल्या डोळ्यांत सोय केली, हातांत नाकारली. फाइल्ड्सने पाटी नाकारली. वॉलिसने 'देवाची मर्जी' नाकारली, पण मेलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही ही सोय त्याच्याही चित्रात आहे, हे मला बरेच दिवस सुचलं नव्हतं.

आणि एक बारीक गोष्ट, तुम्ही प्रबंध लिहिताय म्हणून. चित्राखाली कॅप्शन टाकताना चित्रकार, वर्ष, म्युझियम एवढ्यावर थांबू नका. 'ब्लाइंड गर्ल'च्या खाली मटिल्डा प्राउडफूट आणि इझाबेला निकोल ही नावंही लिहा, ती उपलब्ध आहेत. परकरवाल्या म्हातारीचं नाव एफीने लिहिलेलं नाही, तिच्यासाठी तळटीपेत एक ओळ ठेवा.